कर्नेलला नाव वाचता येऊ नये

भिलाईच्या पावर हाउस भागात अर्ज भरून देणाऱ्या एखाद्या चॉइस सेंटरच्या संगणकावर ‘छत्तीसगढ़’ नावाचे दोन फोल्डर शेजारी शेजारी नांदू शकतात. युनिकोडमध्ये नुक्त्याचा ढ़ दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एकसंध अक्षर म्हणून, किंवा ढ आणि त्यापुढे सुटा नुक्ता म्हणून. यूटीएफ-८ मध्ये पहिल्या तऱ्हेने राज्याचे नाव २४ बाइटांचे होते, दुसऱ्या तऱ्हेने २७. पडद्यावर तिळमात्र फरक दिसत नाही. विंडोजची एनटीएफएस आणि लिनक्सची एक्स्ट४ या फाइल सिस्टीमना मात्र ती दोन वेगळी नावे वाटतात. मॅक दोन्ही एकच धरतो. मराठीत गढ बिननुक्त्याचा, म्हणून आपण सुटलो असे नाही. ‘दुसऱ्या’तल्या ऱ चीही हीच गत आहे. तेव्हा ही नावे एकच आहेत हे ओळखायचे कोणी? वरवर पाहता हे काम कर्नेलचे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याचे, वाटते. माझ्या मते ते त्याचे नव्हे.

युनिक्सच्या परंपरेत कर्नेलच्या लेखी फाइलचे नाव म्हणजे नुसती बाइटांची माळ. याचा आपल्याला थोडा जाच होतो हे कबूल: २५५ बाइटांच्या मर्यादेत देवनागरीची ८५ चिन्हेच बसतात, आणि त्यांत काने-मात्राही मोजल्या जातात. तरीही हे अडाणीपण फायद्याचे आहे. २०१९ मध्ये लिनक्सच्या ५.२ आवृत्तीत एक्स्ट४ला लहान-मोठी लिपी एक मानण्याची सोय मिळाली आणि तिच्याबरोबर युनिकोडचे कोष्टक कर्नेलमध्ये शिरले. ही सोय चालू असलेल्या डिरेक्टरीत छत्तीसगढ़चे दोन फोल्डर होत नाहीत, हे खरे. पण त्याच कोष्टकाने न दिसणारी काही चिन्हे दुर्लक्ष करण्याजोगी ठरवली, आणि त्यांत झेडडब्ल्यूजे हे जोडचिन्हही आले. ‘दऱ्या’ हा शब्द र, हलन्त, झेडडब्ल्यूजे आणि य असाही टंकला जातो. त्यातून ते चिन्ह गाळले की उरतो ‘दर्या’. डोंगरातल्या दऱ्या आणि समुद्र एक झाले! आचाऱ्यांची यादी आचार्यांच्या यादीवर लिहिली जाईल अशी सोय कोणा मराठी माणसाने मागितली नव्हती. चूक कोणाकडूनही होते. कर्नेलमध्ये झालेली निस्तरता येत नाही, ही खरी अडचण. २०२४ च्या अखेरीस हे दुर्लक्ष थांबवणारा बदल लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांना मागे घ्यावा लागला, कारण जुन्या नियमाने काढलेले नावांचे हॅश लोकांच्या डिस्कवर आधीच नोंदलेले होते आणि नियम बदलताच असलेल्या फाइली सापडेनात. हाच नियम एखाद्या प्रोग्रॅमच्या शोधपेटीत चुकला असता, तर पुढच्या अपडेटमध्ये विषय संपला असता.

यावर साम्बाचे उदाहरण पुढे केले जाते, आणि ते वजनदार आहे. विंडोजच्या यंत्रांना लिनक्सवरच्या फाइली पुरवताना साम्बाला लहान-मोठ्या लिपीचा भेद मानून चालत नाही. नाव जसेच्या तसे सापडले नाही की त्याला अख्खी डिरेक्टरी चाळावी लागते, आणि चाळणे व फाइल तयार करणे यांच्या मधल्या फटीत दुसरा प्रोग्रॅम तेच नाव पटकावू शकतो. ही फट बाहेरून नीट बुजवता येत नाही. म्हणून एका डिरेक्टरीपुरती, मागितली तरच मिळणारी सोय मला मान्य आहे. एक्स्ट४ ती रिकाम्या डिरेक्टरीवरच चालू करू देते, हे शहाणपणाचे. नियम मात्र रोमन लिपीच्या सव्वीस अक्षरांपुरता ठेवायला हवा होता. (जर्मन आणि ग्रीक लोक यावर नाराज होतील, आणि ती नाराजी रास्तही असेल.)

मग सगळी फाइल सिस्टीमच कर्नेलबाहेर का नको, असे टोकाचे म्हणणेही आहे. टोरवाल्ड्स यांनी २०११ मध्ये अशा फाइल सिस्टीमना खेळण्यांच्या रांगेत बसवले होते. शब्द कडक होता, पण मध्येच वीज गेली तर नोंद अर्धवट राहू नये, दोन प्रोग्रॅमनी एकाच ब्लॉकवर हक्क सांगू नये, ही राखण कर्नेलनेच करावी हे मलाही पटते. २००५ पासून लिनक्समध्ये असलेल्या फ्यूजने बाहेरच्या प्रोग्रॅमला फाइल सिस्टीम चालवू दिली, तरी वाचन-लेखनाला कर्नेलमधून त्या प्रोग्रॅमपर्यंत हेलपाटे पडत. २०२४ च्या ६.९ आवृत्तीत त्यावर तोड निघाली: फाइल उघडताना नावाचा निवाडा बाहेरचा प्रोग्रॅम करतो, पुढची बाइटांची ने-आण कर्नेल परस्पर उरकतो. कामाची वाटणी अशीच हवी, जरी आज ती विशेषाधिकार असलेल्या प्रोग्रॅमपुरतीच खुली आहे.