न्याय्य लढा आणि शेजाऱ्याचे रक्त



इंडोनेशियाच्या स्वातंत्र्याची घोषणा १७ ऑगस्ट १९४५ रोजी झाली. आदल्या दिवशी उतावीळ तरुणांनी सुकार्नो आणि हट्टा या पुढाऱ्यांना रेंगासडेंगक्लोक या गावी नेऊन ठेवले होते. घोषणा ताबडतोब करा, असा त्यांचा हट्ट. ज्या घरात ठेवले, ते घर जियाव की सियोंग नावाच्या चिनी शेतकऱ्याचे होते.

वर्ष उलटायच्या आत, जून १९४६ मध्ये, जकार्ताच्या पश्चिमेला तांगेरांग भागात सहाशेहून अधिक चिनी माणसे मारली गेली. त्यांत बायका होत्या, मुले होती. घरे जाळली, हजारो लोक नेसत्या वस्त्रांनिशी जकार्ताकडे पळाले. डच फौज जवळ आली होती, आणि एका चिनी सैनिकाने प्रजासत्ताकाचा झेंडा उतरवला अशी आवई उठली होती. तेवढे पुरले.

चिनी म्हणजे डचांचे दलाल आणि सावकार, असे बोलले जाई. काही तसे होतेही, नाकारायचे कशाला? डचांनीच त्यांना कायद्याने ‘परदेशी पौर्वात्य’ ठरवून मधल्या पायरीवर बसवले होते. (१७४० साली बटाव्हियात हजारो चिन्यांची कत्तल झाली, ती याच डचांच्या अमलात!) पण तांगेरांगच्या चिन्यांत कितीतरी जण साधे गरीब शेतकरी होते, पिढ्यान्‌पिढ्या त्याच मातीत राबलेले.

डचांविरुद्धचा लढा न्याय्य होता, याविषयी आम्हांला शंका नाही. मग त्या लढ्यात सांडलेले हे रक्त कोणाच्या खाती मांडायचे? ‘क्रांतीत असे व्हायचेच’ म्हणणारा हिशोब मिटवून टाकतो. पण मेलेल्याच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार त्याला कोणी दिला? पापनिवेदनाला गेल्यावर आपण शेजाऱ्याचे पाप सांगत नाही, स्वतःचे सांगतो. डचांचे अत्याचार खरे, पण ते डचांच्या खात्यावर. ज्याची बाजू न्यायाची, त्याला स्वतःचे पाप दिसणे अधिकच अवघड, असे आम्हांला वाटते.

पुढे १९४७ मध्ये चिन्यांनी डचांच्या परवानगीने ‘पाओ आन तुई’ ही स्वसंरक्षक पथके उभारली. मग काय, फितुरीचा पुरावाच हाती आला! आधी शेजाऱ्याला मारायचे, आणि त्याने शत्रूच्या दारी आसरा मागितला की त्यालाच फितूर म्हणायचे. त्याच वर्षी सिआउ गिओक चान हे चिनी वंशाचे गृहस्थ प्रजासत्ताकाच्या मंत्रिमंडळात होते. पण अशा वेळी ते कोण लक्षात घेतो?