संकल्प आणि शस्त्रक्रिया

त्र्यंबकेश्वरी आजारी माणसाच्या नावगोत्राचा संकल्प सोडून महामृत्युंजय जप करवला जातो, तेव्हा दुसऱ्याची प्रार्थना रुग्णाच्या देहापर्यंत पोहोचते काय, हा प्रश्न उभा राहतो. बायपास, म्हणजे अरुंद झालेल्या हृदयधमनीला वळसा देऊन रक्ताला नवी वाट काढणारी शस्त्रक्रिया, झालेल्या १,८०२ रुग्णांवरील अमेरिकी चाचणीत (२००६) प्रार्थनेने गुंतागुंत घटली नाही. उलट प्रार्थना होत असल्याचे ठाऊक असलेल्यांत ती ५९ टक्के, तर प्रार्थना लाभूनही त्याविषयी अनिश्चित राहिलेल्यांत ५२ टक्के आढळली. मात्र ऋग्वेदातील या महामृत्युंजय मंत्रात देठापासून सुटणाऱ्या काकडीसारखी मृत्युबंधनातून सुटका मागितली आहे, आणि अशा मागणीचे माप शस्त्रक्रियेनंतरच्या तीस दिवसांच्या नोंदींत मावेल, हे गृहीतकच मुळात, संत निवृत्तिनाथांच्या समाधीच्या या त्र्यंबकेश्वरी तरी, तोकडे वाटते.