दुसऱ्या हेडचं गॅस्केट

आमच्या ट्रकचं इंजिन सहा सिलिंडरचं. त्याला हेडं दोन, एकेका हेडखाली तीन-तीन सिलिंडर. हेड आणि ब्लॉक यांच्यामध्ये जो पातळ पत्रा बसतो तो गॅस्केट. आतला जाळ, पाणी आणि ऑइल एकमेकांत मिसळू द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम. हे मला कसं ठाऊक, असं मैत्रिणी विचारतात. भीमपूरला ज्या घरात कापूस आहे आणि गाडीही आहे, त्या घराची खातेवही माझ्याकडे आहे. खातेवहीत सगळंच येतं.

तीन वर्षांपूर्वी, कापसाच्या हंगामाच्या तोंडावर, पुढच्या हेडचं गॅस्केट गेलं. रेडिएटरमध्ये बुडबुडे आणि ऑइलचा रंग दुधाच्या चहासारखा. आदिलाबादच्या मिस्त्रींनी हेड उतरवलं, त्यावर लोखंडी पट्टी आडवी धरून खालून उजेड दिसतो का ते पाहिलं आणि म्हणाले, "ताई, दुसऱ्याचंही आत्ताच बदलू. दोन्ही एकाच वयाची, एकाच वेळी तापलेली. आता सगळं उघडलंच आहे. पुन्हा खोलायचं म्हणजे मजुरी पुन्हा."

मी नको म्हटलं. दशलक्षण पर्व नुकतंच झालं होतं, प्रवचनं कानात ताजी होती. चालती वस्तू काढून फेकायची हा अनर्थदंडच की! श्रावकानं गरजेपुरतंच घ्यावं. अर्थात हे मी फक्त स्वतःला सांगितलं. मिस्त्रींना एवढंच म्हटलं, "चालतंय तोवर चालू द्या."

जानेवारीत ते गेलं. पैनगंगेकाठच्या गावांतून कापूस भरून येताना, रात्री. ड्रायव्हर काकांनी घाईत रेडिएटरचं झाकण उघडलं आणि उकळतं पाणी उजव्या हातावर आलं. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी निघाली. दीड महिना ते घरी होते. पगार दिला, दवाखान्याचं बिल भरलं. ते बिल कोणत्या खात्यात लिहावं हे मला कळेना. शेवटी 'गाडी दुरुस्ती'खाली लिहिलं. ती ओळ अजून तशीच आहे.

तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना उमास्वामींनी प्रमाद आधी ठेवला आहे. आणि अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार तर पाठशाळेतल्या लेकरालाही पाठ असतात: बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. अतिभारारोपण म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे बैल यायचा, पाठीवर झेपणार नाही एवढं ओझं लादलेला. आता दारात बैल नाहीत, डिझेलची गाडी आहे. म्हणून मला वाटत राहिलं की हा अतिचार आपल्याला लागूच होत नाही. पण मी वाचवलेल्या पैशांचं ओझं कुठे तरी गेलंच ना? ते गाडीनं उचललं नाही, काकांच्या हातानं उचललं. अपरिग्रह माझा, भाजला हात दुसऱ्याचा.

जाऊबाई म्हणाल्या, "एवढं मनाला लावून घेऊ नकोस. गरम रेडिएटर उघडायचं नाही हे ड्रायव्हरला कळायला नको?" खरं आहे. काकाही तेच म्हणतात. पण त्यांना घाई कशाची होती? त्या रात्री मी तीनदा फोन केला होता. पहाटे यार्डात नंबर लागला नाही तर गाडी दिवसभर उभी राहते, हे मीच त्यांना ऐकवलं होतं.

यंदा पुन्हा पुढचंच हेड. गाडी तापली नव्हती, एक स्टड सैल होऊन कडेनं ऑइल पाझरत होतं. मी गॅरेजात पाय टाकल्याबरोबर सांगितलं, "दोन्ही बदला." मिस्त्री हसले. "ताई, मागच्याला तीन वर्षंही झाली नाहीत. तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन बरोबर आहे, गळती कुठे नाही. बसलेलं हेड उगाच हलवायचं, त्यात जुना स्टड तुटला तर काम वाढेल."

मी तरी हट्ट धरला. मग लक्षात आलं, मला गॅस्केट नको होतं, मला प्रायश्चित्त हवं होतं. तेही पक्क्या बिलासकट. मागच्या वेळी लोभाला व्रताचं नाव दिलं होतं, या वेळी भीतीला काळजीचं नाव देत होते. दोन्ही वेळा इंजिनाकडे मी पाहिलंच नव्हतं. मिस्त्रींनी पाहिलं होतं. पहिल्यांदा त्यांनी बदला म्हटलं, आता नको म्हणत होते, आणि दोन्ही वेळा कारण समोर ठेवून.

काका बाहेर लिंबाखाली बसले होते. एवढ्या वर्षांत गाडीच्या दुरुस्तीबद्दल त्यांना कुणी विचारलं नव्हतं, मी तर नाहीच. म्हटलं, "काका, तुम्ही सांगा. दोन्ही बदलायची का?"

ते थोडा वेळ गप्प राहिले. बाही खाली ओढून घेतली.

"गॅस्केटचं काय ते मिस्त्री बघतील, वैनी. रात्रीची फेरी तेवढी बंद करा."

मिस्त्रींना एकच बदलायला सांगितलं. ती फेरी आता पहाटे निघते. हंगामात त्यामुळे किती फेऱ्या कमी होतील तो आकडा मी काढला आहे, वहीत आहे, घरात अजून कुणाला दाखवलेला नाही.