कमिशन आणि सचोटी

सल्ल्यातूनच कमाई होत असेल, तर तो सल्ला सचोटीचा राहू शकतो का? आयुर्विमा महामंडळाच्या एजंटाला पगार नसतो. दीर्घ मुदतीच्या पारंपरिक पॉलिसीवर पहिल्या वर्षी 25 टक्के व वर बोनस, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी साडेसात आणि पुढे पाच टक्के, अशी कमिशनची रीत अनेक वर्षे होती. खासगी कंपन्यांचा बराच विमा बँका विकतात. तिथे कमिशन बँकेला जाते आणि कर्मचाऱ्याच्या वाट्याला टार्गेट येते. पद्धती निराळ्या, पण दोन्हींची ओढ आजच सही घेण्याकडे. पॉलिसी लवकर मोडली, तर मोठी झळ ग्राहकालाच बसते.

कमिशन नसेल तर मृत्यूचा विषय घेऊन दारोदार कोण फिरेल, हा आक्षेप रास्त आहे. कष्टाचा मोबदला हे पाप नव्हे. गीताही कर्म नव्हे, फळाची आसक्ती सोडायला सांगते. पण आसक्ती वाढवणारी व्यवस्था आपणच उभारायची आणि निष्कामतेची अपेक्षा एकट्या एजंटाकडून करायची, हा अन्याय आहे. म्हणून मोबदला पहिल्या वर्षात न एकवटता पॉलिसीच्या आयुष्यभर समान वाटावा. ग्राहकाचे हित टिकेल तोवरच विक्रेत्याची कमाई टिकावी. सचोटीला व्यवस्थेने एवढा आधार द्यायलाच हवा.