मंदिरातच हरवलेले पुस्तक

शास्त्रभाग : २ राजे २२:३-१३



योशीया राजाच्या कारकिर्दीच्या अठराव्या वर्षी यरुशलेमेतील मंदिराची डागडुजी चालू असता महायाजक हिल्कीया यास नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला. कोठे? परमेश्वराच्या मंदिरातच. लोक येत होते, द्वारपाळ त्यांच्याकडून पैसा गोळा करीत होते. परंतु ग्रंथाची उणीव कोणास भासली नव्हती. पुस्तक हरविण्यास चोर लागत नाही. ते न वाचणे पुरेसे असते.

पुढील घटनाक्रम पाहा. हिल्कीयाने ग्रंथ शाफान चिटणीसाच्या हाती दिला. शाफानाने तो प्रथम स्वतः वाचला, मग राजापुढे वाचून दाखविला. राजाने ऐकला आणि आपली वस्त्रे फाडली. पुस्तक हाती देणारा, ते वाचणारा आणि ऐकून पश्चात्ताप करणारा अशा तिघांच्या द्वारे देवाने यहूदात सुधारणा घडविली.

आपल्या मंडळीवरही अशांचे ऋण आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात रोमन लिपीत छापले गेले. त्या शतकातील एकही छापील प्रत आज ज्ञात नाही. श्रद्धावंतांनी जपलेल्या हस्तलिखित नकलांच्या आधारे जोसेफ साल्डाना यांनी १९०७ साली मंगळुरास ते पुन्हा प्रसिद्ध केले. नारायण वामन टिळकांना राजनांदगावच्या रेल्वेप्रवासात एका अनोळखी युरोपियन सहप्रवाशाने नवा करार दिला. तो त्यांनी वाचला. १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. देणाऱ्याचे काम क्षणाचे होते, वाचणाऱ्याचे जन्माचे झाले.

आज पवित्र शास्त्र मोबाइलवरही मिळते, याबद्दल देवाचे आभार मानू या. मग ग्रंथालय कशास हवे? मोबाइलमध्ये आपण मागू ते वचन सापडते. हिल्कीया मात्र ग्रंथ शोधावयास निघाला नव्हता. न मागितलेले पुस्तक हाती येणे, ही कपाटापुढे उभे राहणाऱ्यास लाभणारी कृपा आहे. म्हणून आपल्या मंडळीतील काचेच्या कपाटाकडे एकदा पाहा. बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन', लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आत असतील. पण किल्ली कोणाकडे आहे?

याहून गंभीर प्रश्न घराचा आहे. इंदूर, बडोदे, हैदराबाद, दिल्ली येथे वाढणारी आपली कित्येक मुले मराठी बोलतात, पण त्यांना ती वाचता येत नाही. आजीचे पवित्र शास्त्र, तिने पेन्सिलीने खुणा केलेल्या वचनांसह, त्यांना वारशाने मिळेल. ते देव्हाऱ्यातील वस्तूप्रमाणे जपलेही जाईल. परंतु आजी कोणत्या वचनापाशी रडली आणि कोणत्या वचनाने सावरली, हे त्या घरात कोणास कळणार नाही.

तेव्हा तीन गोष्टी करा. उपासनेनंतर अर्धा तास मंडळीचे कपाट उघडे ठेवा. आठवड्यातून एका संध्याकाळी नातवंडाला शेजारी बसवून, अक्षरावर बोट ठेवून, मार्काच्या शुभवर्तमानाच्या दहा ओळी वाचवून घ्या. आणि ज्यांची दृष्टी मंदावली आहे, अशा एका वडीलधाऱ्यांस शाफानाप्रमाणे वाचून दाखवा.

योशीयाने तो ग्रंथ ऐकला, तेव्हा बराच उशीर झाला होता. तरी त्याने तो मिटून ठेवला नाही. प्रभू आपणांसही तशीच कोमल अंतःकरणे देवो. आमेन.