घोकलेल्या खेळ्या

लातुरात शिकवण्यांचा सुकाळ असल्यामुळे बुद्धिबळाचीही शिकवणी निघाली यात नवल नाही. परंतु तेथील एका मास्तरांनी ‘सुरुवातीच्या खेळ्या घोकून घ्या, निम्मा डाव हाती आला,’ असे पालकांस निःशंकपणे सांगितलेले ऐकले, तेव्हापासून माझे चित्त स्वस्थ नाही. घोकंपट्टीवर भर देणाऱ्या लातूर पॅटर्नचे गुणदोष सर्वांस ठाऊक आहेत. घोकणे आणि उमगणे यांत मी जन्मभर भेद करीत आलो. त्या भेदाचा पुरावा म्हणून १८५५ सालचा कलकत्त्याचा एक डाव दाखल करावा, असा माझा बेत होता.

त्या डावात बॅरिस्टर जॉन कॉक्रेनने वजिरापुढचे प्यादे दोन घरे सारताच खेड्यातल्या देशी खेळात मुरलेल्या महेशचंद्र बॅनर्जीने घोडा बाहेर काढला, मग घोड्याच्या बाजूचे प्यादे एकच घर पुढे करून उंटाला जागा केली, आणि तिसऱ्या खेळीस वजिराचे प्यादे एकदम दोन घरे लोटले. हाच बचाव पुढे सदुसष्ट वर्षांनी, १९२२ मध्ये, अर्न्स्ट ग्रुनफेल्डने खेळला आणि त्याच्याच नावे तो दप्तरी लागला. ही शुद्ध प्रज्ञा, असे ठरवून मी मोकळा झालो होतो.

पण आपल्याकडच्या जुन्या खेळात प्यादे पहिल्या खेळीसही एकच घर चाले, किल्लेकोट नसे, राजाला मात्र एकदा घोड्याची उडी मारण्याची मुभा असे.  एकेक घर सरकणारी प्यादी आणि त्यांच्या आडोशाला उंट, ही मांडणी त्या हातांच्या अंगवळणी पडलेली. म्हणजे मी प्रतिभेच्या खाती जमा केलेल्या खेळ्या बहुधा सवयीच्याच होत्या; महेशचंद्राने पुस्तक घोकले नसेल, गाव घोकले होते. तिसऱ्या खेळीचे प्यादे हा त्या सवयीला दिलेला पहिला छेद, आणि हात बसल्यावाचून असा छेद देता येत नाही, हे मास्तरांपाशी मला कबूल करावेच लागते.

तरी डाव महेशचंद्र हरला. अठराव्या खेळीस कॉक्रेनच्या घोड्याने राजाजवळचे प्यादे मारले. महेशचंद्राने आपला घोडा पटाच्या कडेला नेऊन वजिरावर रोखला. मग कॉक्रेनचा दुहेरी शह, राजा कोपऱ्यात, शेजारी वजिराचा बळी, तो हत्तीने घेताच आपल्याच हत्ती, उंट आणि प्याद्यात कोंडलेल्या राजावर घोड्याची मात! येथे तरी केवळ बुद्धी जिंकली म्हणावे, तर ही कोंडमात १४९७ सालच्या लुसेनाच्या स्पॅनिश ग्रंथात नोंदलेली. कॉक्रेनला ती मुखोद्गत असणारच. तेव्हा मास्तरांनी घोकवावे, खुशाल घोकवावे. माझी तक्रार आता एवढीच की ते सुरुवात घोकवितात, अखेर घोकवीत नाहीत.