नुसत्या गायल्या म्हणे!

गेल्या दिवाळीत एका अंकात जॅझवरचा एक लेख वाचला. लेखक व्यासंगी, त्यांच्या रेकॉर्डींच्या संग्रहाची कीर्ती आमच्या रत्नागिरीपर्यंत पोचलेली. सगळा लेख न्यू ऑर्लिन्सपासून न्यूयॉर्कपर्यंत शिस्तीत गेला आणि शेवटाकडे त्यांनी जाता जाता एक निकाल देऊन टाकला. जॅझ घडवलं वाद्यांनी. वाद्यं वाजवली पुरुषांनी. बायकांनी या संगीताला शोभा आणली, कारण त्या गायल्या. या निकालात जो उदारपणा आहे त्याचा समाचार घ्यावा, म्हणून हा खटाटोप.

समाचार दुसऱ्या बाजूचाही घ्यायला हवा. मार्च महिना उजाडला की जॅझमधल्या थोर स्त्रियांच्या याद्या फिरू लागतात. बिली हॉलिडे, एला फिट्झगेराल्ड, सारा वॉन, नीना सिमोन. नावांबद्दल तक्रार नाही. तक्रार डब्याबद्दल आहे. लोकलला लेडीज डबा जोडतात तो बायकांना उभं राहायला जागा मिळावी म्हणून. इतिहासाला तो जोडला की उरलेली सगळी गाडी आपोआप पुरुषांची होते. मग बिलीची तुलना एलाशी करत बसायचं. लेस्टर यंगशी करायची नाही, जी खरं तर करायला हवी. यादी करणारे आणि आमचे समीक्षक एकमेकांना पाण्यात पाहत असतील, पण दोघांनी मिळून एकच भिंत बांधली आहे.

आधी समीक्षकांना त्यांच्याच अंगणात गाठू. नोव्हेंबर १९२५मध्ये शिकागोत लुई आर्मस्ट्राँगच्या ‘हॉट फाइव्ह’चं पहिलं ध्वनिमुद्रण झालं. जॅझचा इतिहास सांगणारा कुणीही या घटनेशी थांबतो. त्या पाचांत पियानोवर लिल हार्डिन होती. किंग ऑलिव्हरच्या बँडमध्ये ती आणि लुई एकत्र वाजवत. १९२४मध्ये त्यांनी लग्न केलं. ऑलिव्हरच्या मागे दुसरा कॉर्नेट धरून किती दिवस बसणार, असं म्हणून लुईच्या मागे लागली ती लिल. ‘स्ट्रटिन विथ सम बार्बेक्यू’ ही लुईच्या नावाने जगभर वाजणारी रचना तिची. ‘जस्ट फॉर अ थ्रिल’ही तिचीच, पुढे रे चार्ल्सने ती गाऊन गाजवली. संसार मोडल्यावर काही काळाने ही बाई शिवणकाम शिकली आणि लुईसाठी कोट शिवला. जुलै १९७१मध्ये लुई गेला. त्याच्या स्मरणार्थ शिकागोत झालेल्या कार्यक्रमात, ऑगस्टच्या अखेरीस, पियानो वाजवता वाजवता लिल कोसळली आणि गेली.

इतकं सांगून हेही सांगते की तिचा पियानो ऐकून मी कधी खुळावले नाही. चार मात्रा इमानाने ठोकत राहते. पण त्या ठोक्यांवर उभं राहून लुई जे काही करतो, ते त्या ठोक्यांशिवाय करून दाखवा.

बाकीच्या भराभर सांगते. मेरी लू विल्यम्सने १९४५मध्ये ‘झोडियॅक स्वीट’ रचली. थेलोनियस मंक आणि बड पॉवेल तिच्या न्यूयॉर्कच्या घरी येऊन बसत, आणि ते चहासाठी येत नसत. मेल्बा लिस्टन ट्रॉम्बोन वाजवायची आणि रँडी वेस्टनच्या रचनांची वाद्यजुळणी करायची. व्हॅलेडा स्नो ट्रंपेट घेऊन विसाच्या दशकात शांघायला पोचली होती. तिथल्या बँडमध्ये तिच्याबरोबर पियानोवर होता टेडी वेदरफोर्ड. पुढे मुंबईच्या ताजमध्ये बँड उभा करणारा तोच.

यातल्या इतक्या जणी पियानोवरच का, हा प्रश्न मात्र खरा आहे, आणि त्याचं उत्तर आपल्याला शिकागोपेक्षा गोव्यात लवकर सापडतं. पियानो घरात असतो, ऑर्गन चर्चमध्ये असतो. दोन्ही ठिकाणी मुलगी बसलेली चालते. पोर्तुगीज अमदानीत चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलगे स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकले. त्यांनीच पुढे मुंबईतले हॉटेलांचे बँड आणि हिंदी सिनेमाचे वाद्यवृंद उभे केले: फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा, चिक चॉकलेट. मुंबईत उतरायला धोबीतलावच्या आसपास गावोगावच्या कुडी, म्हणजे गावकऱ्यांची वसतिगृहं, होत्या. पणजीची बोट आमच्या बंदराला लागायची. तिच्यात ट्रंपेटची पेटी मांडीवर घेतलेला गोंयकार कुणाला नवलाचा वाटला नसता. मुलगी असती तर अख्खा धक्का गोळा झाला असता. आणि मुंबईला पोचून तिने जायचं कुठे? कूड पुरुषांची. मध्यरात्री क्लब सुटल्यावर पाठ टेकायची सोय ज्याची, त्याच्याच हातात ट्रंपेट. इतकं साधं कारण ‘प्रतिभा’ या सदरात टाकलं की समीक्षा तयार होते. तरीही ल्युसिला पाशेको होत्या, मुंबईच्या सिनेमा-स्टुडिओंत पियानोवर. पडद्यावरच्या श्रेयनामावलीत वादकांची नावं नसत, पुरुषांचीही नसत. म्हणून त्यांचं वाजवणं आपण सगळ्यांनी ऐकलंय आणि नाव जवळजवळ कुणालाच ठाऊक नाही.

ही यादी आणखी लांबवता येईल, आणि समीक्षक कदाचित मानही डोलावतील. पण त्यामुळे त्यांचा मूळ हिशेब जागचा हलत नाही: वाद्य वर, गळा खाली. बायकाही वाद्यं वाजवत होत्या, असं पुराव्यांनिशी दाखवत राहायचं म्हणजे गाणं दुय्यम आहे या कागदावर आपणच सही करायची. ती सही मी करणार नाही. म्हणून आता उलट्या बाजूने.

आपल्याकडे वादकाची सगळ्यात मोठी तारीफ कोणती? वाद्य गातंय, ही. विलायत खाँसाहेबांची सतार गायकी अंगाची म्हणून डोक्यावर घेतली. सारंगी शतकभर गाणारीच्या मागे बसली, आणि तिचं सारं कसब गळ्याच्या किती जवळ जाता येतं यात होतं. थिबा पॅलेसच्या आवारात आमच्या आर्ट सर्कलचा संगीत महोत्सव भरतो, तिथे पेटीवाल्याने एखादी जागा गळ्यासारखी घेतली की लोक ‘क्या बात है’ करतात. त्या सतरंजीवर वाढलेल्या मराठी माणसाने घरी जाऊन लिहावं की त्या नुसत्या गायल्या, याला काय म्हणावं? अमेरिकेतली मतं आयात करताना आपले कान जकात म्हणून नाक्यावर ठेवून यायचे, असा काही नियम आहे का?

बरं, ते मत अमेरिकेतही खरं नाही. लेस्टर यंग सॅक्सोफोन वाजवताना गाण्याचे शब्द मनात धरून वाजवायचा. बिली हॉलिडे गाताना लुईच्या ट्रंपेटचा विचार करायची. आणि लुई स्वतः? तो तोंडाला ट्रंपेट लावो वा न लावो, एकच माणूस गात असतो. १९३७च्या सुमाराच्या टेडी विल्सनच्या रेकॉर्डी काढून बिली आणि लेस्टर एकमेकांच्या ओळी कशा उचलतात ते ऐका. कोण कुणाची साथ करतंय हे ठरवायला गेलात तर दोघांचंही ऐकणं राहून जाईल.

१९७७मध्ये अवकाशात गेलेल्या व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे, हे आता शाळेतल्या पोरांनाही माहीत असतं. तिच्यावर आपल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, हेही अभिमानाने सांगितलं जातं. त्याच तबकडीवर लुई आर्मस्ट्राँगच्या ‘हॉट सेव्हन’चं ‘मेलँकली ब्लूज’ आहे, आणि त्यात पियानोवर लिल हार्डिन आहे. गाणारीचं नाव यादीत ठसठशीत. वाजवणारी ‘सेव्हन’ या आकड्यात विरघळलेली. निदान त्या तबकडीपुरता तरी आमच्या समीक्षकांचा सिद्धान्त उलटा पडला.

केसरबाईंबद्दल आणखी दोन वाक्यं लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. अल्लादियाखाँसाहेबांकडे वर्षानुवर्षं शिकून या बाईने जे कमावलं, त्याचं दार तिने स्वतःच्या हाताने उघडलं आणि स्वतःच्या हाताने लावलं. कुठे गायचं, कुणाला शिकवायचं, कधी थांबायचं, हे तिने ठरवलं. साठच्या दशकात मैफली बंद केल्या त्या स्वतःच्या मर्जीने. हा मुद्दा लक्षात असू द्या. लॉर्नाकडे गेल्यावर लागणार आहे.

त्याआधी आशा पुथली. मुंबईची मुलगी, हिंदुस्थानी संगीत शिकलेली. १९७१मध्ये ऑर्नेट कोलमनच्या ‘सायन्स फिक्शन’मध्ये दोन रचना ती गायली. ऑर्नेट म्हणजे जॅझचे नेहमीचे आधार काढून घेणारा माणूस. नवखा गायक तिथे सूर सोडून सैरावैरा पळेल. आशाचा आवाज पितळी वाद्यांच्या रांगेत उभा राहून त्यांच्याबरोबर चालतो. पुढे बसलेली गायिका आणि मागे बसलेला बँड अशी व्यवस्थाच तिथे नाही. त्याच वर्षी अ‍ॅलिस कोल्ट्रेनचं ‘जर्नी इन सच्चिदानंद’ बाहेर आलं. अ‍ॅलिसचं आपल्याकडे कौतुक होतं ते बहुधा तिच्या भगव्या वस्त्रांमुळे आणि भजनांमुळे; हार्पवर ती काय करते ते ऐकणारे थोडे. आशाने ना वस्त्रं बदलली ना भजनं गायली, म्हणून तिच्या वाट्याला तेही नाही.

आणि कोकणातल्या घराघरांत जॅझ पोचलं ते तरी कसं? बाळकृष्ण केसकर नावाचे मराठी मंत्री १९५२मध्ये दिल्लीत नभोवाणीच्या खात्यावर आले. सिनेसंगीताला आकाशवाणीवर त्यांनी असा काही चाप लावला की सगळा देश रेडिओ सिलोनकडे वळला. त्या सिलोनवरून पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी गोव्याच्या वादकांना हाताशी धरून बांधलेला स्विंग इकडे आला. ‘शोला जो भडके’त चितळकरांबरोबर, म्हणजे स्वतः रामचंद्रांबरोबर, लता मंगेशकर होत्या, ‘ईना मीना डीका’ आशा भोसलेही गायल्या. ऐकणाऱ्याला हे जॅझचं पोर आहे याचा पत्ता नव्हता. वाद्यं गोव्याची होती, पण ती माजघरात शिरली मंगेशकरांच्या गळ्यातून.

आता लॉर्ना कोर्देरो. साळगावची, १९४६चा जन्म. साठच्या दशकात मुंबईत ख्रिस पेरी या मडगावकडच्या वादकाच्या बँडमध्ये ती गाऊ लागली. चर्चगेटच्या अ‍ॅस्टोरिया हॉटेलातला ‘व्हेनिस’ हा त्यांचा अड्डा. पेरी ट्रंपेट वाजवायचा, सॅक्सोफोन वाजवायचा, आणि कोंकणीत गाणी बांधायचा. ‘बेब्दो’, ‘पिसो’, ‘नाचुंया कुंपासार’, ‘लिस्बोआ’. स्विंगचा झोल, लॅटिन ठेका आणि मांड्याची हुरहूर त्याने एकत्र आणली. पण कागदावर ती चलाख गाणी आहेत, एवढंच. लॉर्नाच्या आवाजाला एक खरखरीत कड आहे. ती ट्रंपेटला वाट देत नाही, त्याच्या अंगावर जाते. शब्द मात्रेच्या किंचित मागे ठेवते, आणि ऐकणाऱ्याला वाटतं आता चुकणार. ती चुकत नाही. आमच्या समीक्षकांना सॅक्सोफोनमध्ये ज्याचं कौतुक वाटतं, ते सगळं इथे आहे, आणि शिवाय त्यात कोंकणी आहे.

मग ताटातूट झाली, आणि लॉर्ना वीस वर्षांहून अधिक काळ गप्प झाली. दोघांच्या नात्याबद्दल बोलायला अख्खा गोवा तयार असतो. मला त्यात रस नाही. मला रस आहे तो त्या शांततेच्या मालकीत. केसरबाईंची शांतता त्यांची होती. लॉर्नाची कुणाची होती? गाणी पेरीची, बँड पेरीचा, रंगमंच पेरीमुळे. गळा तेवढा तिचा; आणि बँडपासून सुटा झालेला गळा घेऊन मुंबईच्या क्लबांत उभं राहायला तिला जागा उरली नाही. आपल्या गायिकेमागे उस्ताद असतो, घराणं असतं, जाचही असतो. पण चीज एकदा गळ्यात उतरली की ती परत मागता येत नाही. बँडची गायिका ही नोकरी होती. तेव्हा समीक्षकांना एक गोष्ट मी आपणहून देऊन टाकते: वाद्य वाजवणं आणि गाणं यांत फरक होता. फक्त तो कलेचा नव्हता, पगाराच्या वहीचा होता.

२०१४मध्ये बारड्रॉय बार्रेटोंनी ‘नाचुंया कुंपासार’ हा कोंकणी सिनेमा काढला. तो मला आवडतो. पेरीची गाणी त्याने नव्या पिढीच्या कानांवर घातली आणि पालोमी घोषने जीव ओतून काम केलं. पुढच्याच वर्षी ‘बॉम्बे व्हेल्व्हेट’मध्ये क्लबातली गायिका आली. दोन्हीकडे गाणारी बाई म्हणजे प्रेमात पोळलेली बाई. तिचा आवाज तिच्या दुःखातून येतो, असं कॅमेरा सांगत राहतो. रियाज, श्वास, मात्रेच्या मागे राहण्याचा हिशेब यांना पडद्यावर जागा नाही. पुरुष वादकावर सिनेमा निघाला की तो तासन्‌तास सराव करताना दिसतो. बाईला एक प्रियकर दिला की काम भागतं.

१९९५मध्ये रॉनी मोन्सेरात या तरुण वादकाने लॉर्नाला पुन्हा माइकसमोर आणलं, नवी गाणी दिली. मिरामारला कार्यक्रम झाला, लोकांनी तिला डोक्यावर घेतलं. ती नवी गाणी आणि पेरीची जुनी गाणी पाठोपाठ लावून ऐकली तर जुनी सरस आहेत, यात मला शंका नाही. पेरीची बांधणी घट्ट आहे, त्याचा ट्रंपेट तिला डिवचतो, नव्या गाण्यांत तिला डिवचणारं कुणी नाही. समीक्षक हे वाचून म्हणतील, बघा, शेवटी वाजवणाराच लागला. लागलाच. आणि पेरीची तीच गाणी दुसऱ्या कुणी गायलेली ऐकायला मी त्यांना केव्हाही बोलावीन, चहा माझ्याकडून.